बारामतीहून ब्राझील : आखणी उलट्या क्रमाने

जून महिना. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, बिजवडी, सगळीकडची धुराडी थंड झालेली. कारखान्यांत रोलर खोलून दुरुस्ती चाललेली, तोडणीच्या टोळ्या केव्हाच बीड-अहिल्यानगरकडे परतलेल्या आणि शेतातला ऊस पहिल्या पावसावर उभारी धरू लागलेला. नेमक्या त्याच दिवसांत पेपराच्या बाजारभावाच्या पानावर बातमी येते : ब्राझीलमध्ये गाळप जोरात, साखरेचे जागतिक दर नरम. बारामती-इंदापूरच्या ऊसकऱ्याला ही बातमी दरवर्षीचीच. पण ऊस तोच आणि साखरही तीच, तर आपले कारखाने ज्या महिन्यांत बंद असतात त्याच महिन्यांत त्यांचे पूर्ण क्षमतेने कसे चालतात?

या भागातल्या कुणाला ब्राझील पाहायचा असेल, तर प्रवासाची आखणी या प्रश्नापासून सुरू करावी लागते. बहुतेक जण ती तिकिटापासून सुरू करतात. स्वस्त तिकीट दिसले की तारीख ठरते, मग व्हिसा, मग लस, आणि तिथे पोचल्यावर कळते की कारखाना बंद आहे किंवा ज्या प्रदर्शनासाठी आलो ते तीन महिन्यांपूर्वीच उरकले. ऊस आणि जनावरे पाहायला जाणाऱ्याची तारीख ऊस आणि जनावरेच ठरवतात. ती एकदा पक्की झाली की बाकी सगळे त्या तारखेपासून मागे मोजत यायचे.

ब्राझीलच का, हे इथल्या वाचकाला फार समजावून सांगायला नको. जगातले सर्वांत मोठे साखर उत्पादक दोनच, ब्राझील आणि भारत. उसापासून इथेनॉल मोठ्या प्रमाणावर आधी त्यांनी केले, आपण त्याच वाटेवर आहोत. शिवाय आपल्याकडून गेलेली गीर जनावरे तिथे शास्त्रशुद्ध नोंदी ठेवून वाढवली गेली आहेत. निरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर ऊस आणि गोठ्यावर घरखर्च भागवणाऱ्या माणसाला पाहण्यासारखे तिथे पुष्कळ आहे.

ऊस गोड केव्हा होतो

उसाचे पान उन्हात साखर तयार करते, आणि ते काम ऊन असेपर्यंत चालूच असते. तयार झालेल्या त्या साखरेचे पुढे काय होते, यावर उतारा ठरतो. हवा उबदार असली आणि मुळाशी पाणी असले, की ऊस ती साखर वाढीवर खर्च करतो : नवे पान, नवे कांडे, नवी मुळी. साठायला फारशी उरत नाही. रात्री गार पडू लागल्या, जमीन कोरडी होत चालली, की वाढ मंदावते. ऊन मात्र असते, त्यामुळे पानाचे काम थांबत नाही. वाढीला न लागलेली साखर खोडात साठत जाते, आधी बुडख्याच्या कांड्यांत आणि मग वरच्या. बुडखा गोड आणि शेंडा पाणचट लागतो तो यामुळेच. तोडणीच्या आधी काही आठवडे पाणी तोडायचे, हा आपला रिवाजही याच तत्त्वावर चालतो.

म्हणजे पिकण्यासाठी उसाला गारवा किंवा कोरडेपणा हवा, दोन्ही एकदम आले तर उत्तम. आपल्याकडे ते दिवस पावसाळा संपल्यावर येतात. म्हणून दिवाळीच्या आगेमागे मोळी टाकली जाते आणि डिसेंबर ते फेब्रुवारीत उतारा चढतो.

आता नकाशा पाहा. बारामती विषुववृत्ताच्या उत्तरेला साधारण १८ अंशांवर आहे. ब्राझीलमधला उसाचा मुख्य पट्टा, साओ पाउलो राज्यातला रिबेराव प्रेतो हा परिसर, विषुववृत्ताच्या दक्षिणेला साधारण २१ अंशांवर. अंतर जवळजवळ सारखेच, पण बाजू उलट. पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला असल्यामुळे जूनमध्ये उत्तर गोलार्ध सूर्याकडे झुकलेला असतो आणि दक्षिण गोलार्ध सूर्यापासून दूर. आपला उन्हाळा सरून पावसाळा लागतो तेव्हा त्यांचा हिवाळा सुरू असतो. पाऊसही त्यांच्याकडे मुख्यतः ऑक्टोबर ते मार्च पडतो, एप्रिल ते सप्टेंबर कोरडे जातात. त्यामुळे तिथला ऊस एप्रिलपासून पिकत येतो आणि गाळप साधारण एप्रिल ते नोव्हेंबर चालते.

देशाच्या ईशान्य किनाऱ्यावर, पेर्नांबुको आणि अलागोआस या राज्यांत, उसाचा जुना पट्टा आहे. तिथला हंगाम वेगळा, सप्टेंबरच्या सुमारास सुरू होणारा. पण ब्राझीलचा बहुतेक ऊस दक्षिण-मध्य भागात पिकतो आणि पेपरातली बातमी त्याच भागाची असते.

मग जायचे केव्हा

तिकडचा हंगाम आठ महिन्यांचा, म्हणजे निवडीला जागा भरपूर. पण जाणाऱ्याचे स्वतःचे कॅलेंडरही असते. आषाढीच्या आधी तुकोबांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी अशी जाते, बेलवडीला गोल रिंगण होते. त्या दिवसांत या वाटेवरच्या गावातला माणूस घर सोडून परदेशी जाईल, असे मला वाटत नाही. पाठोपाठ आडसालीच्या लागणी येतात. बोरीसारख्या गावातल्या द्राक्षबागायतदाराला एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी या दोन्ही वेळी बागेत हजर असावेच लागते.

या सगळ्यातून दोन फटी उरतात. पहिली ऑगस्टचा उत्तरार्ध. लागणी उरकत आलेल्या असतात, तिकडे गाळप ऐन भरात असते, आणि रिबेराव प्रेतोपासून वीसेक किलोमीटरवरच्या सेर्ताओझिन्यो गावात फेनासुक्रो हे साखर-इथेनॉल यंत्रसामग्रीचे प्रदर्शन ऑगस्टमध्येच भरते. या गावात कारखान्यांची यंत्रे बनवणारे उद्योग दाटीने आहेत. वालचंदनगरमध्ये साखर कारखान्यांची यंत्रे बनताना पाहिलेल्या इंदापूरकराला हे वातावरण ओळखीचे वाटेल.

दुसरी फट एप्रिलअखेर ते मेची सुरुवात, खास दूधवाल्यांसाठी. मिनास जेराइस राज्यातल्या उबेराबा शहरात एक्स्पोझेबू हे वशिंडाच्या गुरांचे मोठे प्रदर्शन याच दिवसांत भरते. गाळप तेव्हा नुकतेच सुरू झालेले असते, त्यामुळे कारखानाही पाहता येतो, मात्र पूर्ण वेगात नाही. दोन्ही प्रदर्शने एका फेरीत साधत नाहीत. घरात ऊस महत्त्वाचा की गोठा, हे आधी ठरवा. एकदा ते ठरले की महिना आपोआप ठरतो.

एका फेरीत किती ब्राझील

ब्राझीलचे क्षेत्रफळ सुमारे ८५ लाख चौरस किलोमीटर, भारताच्या अडीचपटीहून थोडे जास्त. तरी सहलीच्या याद्यांत रिओचा ख्रिस्ताचा पुतळा, ॲमेझॉनचे जंगल, इग्वासूचा धबधबा आणि जमलेच तर शेजारच्या पेरूमधले माचूपिचू, असे सगळे एका ओळीत लिहिलेले दिसते. दहा-बारा दिवसांत हे करायला गेलेला माणूस मुख्यतः विमानतळ पाहून परत येतो. माझे मत विचाराल तर ॲमेझॉन सोडून द्यावे. ते उसाच्या पट्ट्यापासून हजारो किलोमीटर दूर आहे.

त्याऐवजी उसाचा रस्ता धरावा. साओ पाउलोहून वायव्येला निघणारा आन्यांगेरा महामार्ग कांपिनासवरून रिबेराव प्रेतोकडे आणि पुढे मिनास जेराइसच्या हद्दीपर्यंत जातो. साओ पाउलो ते कांपिनास सुमारे १०० किलोमीटर, म्हणजे बारामती ते पुणे. कांपिनासला १८८७ साली स्थापन झालेली कृषी संशोधन संस्था आहे. महामार्गापासून थोडे बाजूला पिरासिकाबा. तिथे १९०१ पासून चाललेले साओ पाउलो विद्यापीठाचे कृषी महाविद्यालय आणि उसाच्या जाती काढणारे संशोधन केंद्र आहे. पुढे रिबेराव प्रेतो, साओ पाउलोपासून सव्वातीनशे किलोमीटरच्या आत. त्याच्याही पुढे पावणेदोनशे किलोमीटरवर उबेराबा. आठवडाभरात बसने हे सगळे निवांत होते. आपल्याकडच्या पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र आणि मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट जाण्याआधी पाहून घेतली, तर तिथे काय विचारायचे ते सुचते.

पहिला धक्का बसेल तो एकरी उत्पादनाचा. तिथली सरासरी हेक्टरी ७० ते ८० टनांच्या घरात, म्हणजे एकरी तीसेक टन. ठिबकवर आडसाली घेणारा आपल्याकडचा चांगला शेतकरी याच्या दुपटी-तिपटीने ऊस काढतो. मग जगाच्या बाजारात त्यांची साखर स्वस्त कशी पडते? कारण त्यांचा बहुतेक ऊस पावसावर वाढतो, त्यामुळे पाणी आणि वीज यांवरचा खर्च फार कमी. एकदा लावलेला ऊस पाच-सहा वेळा तोडतात, म्हणून बेणे आणि मशागतीचा खर्च तितक्या वर्षांवर वाटला जातो. आपल्याकडे खोडवा दोनदा घेतला तरी पुष्कळ. शिवाय शेते सलग आणि विस्तीर्ण, दोन ओळींतले अंतर यंत्राच्या मापाने साधारण दीड मीटर, आणि साओ पाउलो राज्यात तोडणी जवळपास सगळी हार्वेस्टरने. तोडणीआधी फड पेटवण्याची जुनी पद्धत बंद करण्यासाठी तिथे २००७ मध्ये सरकार आणि कारखानदार यांच्यात करार झाला होता. यंत्रे वेगाने वाढण्यामागचे ते एक मोठे कारण.

त्यामुळे हार्वेस्टर पाहून भारावून जाण्याआधी मालकाला तीन गोष्टी विचाराव्यात : एका यंत्राला हंगामात किती एकर लागतात, ओळी किती लांब आहेत, आणि पाचटाचे काय करतात. या उत्तरांत आपल्या वीस गुंठ्यांच्या तुकड्याची अडचण कुठे आहे ते दिसते.

आसवनीतून निघणारा स्पेंटवॉश हा आपल्याकडे तंट्याचा विषय. तिथे त्याला विन्यासा म्हणतात. त्यात पालाश भरपूर असल्यामुळे तो टाक्या, चर आणि पाइपांतून मोजून शेतावर फिरवला जातो. हे काम नीट पाहावे, कारण त्यात यंत्रापेक्षा हिशेब महत्त्वाचा आहे. जमिनीत आधीच पालाश किती आहे, ते तपासूनच मात्रा ठरते.

आणि शेवटी इथेनॉल. १९७३ च्या तेलसंकटानंतर ब्राझीलने १९७५ मध्ये अल्कोहोलचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. २००३ पासून तिथे अशा गाड्या बाजारात आल्या ज्या पेट्रोलवर, शुद्ध इथेनॉलवर किंवा दोहोंच्या कोणत्याही मिश्रणावर चालतात. तिथल्या पंपावरच्या साध्या पेट्रोलमध्येही ऑगस्ट २०२५ पासून ३० टक्के इथेनॉल असते. लिटरभर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा कमी असते, म्हणून वाहनचालक पंपावर भाव पाहतो. इथेनॉलचा दर पेट्रोलच्या साधारण ७० टक्क्यांच्या खाली असला, तर टाकी इथेनॉलने भरतो.

आता साखळी जुळवून पाहा. कच्चे तेल महागले, पेट्रोल महागले, की लोक इथेनॉलकडे वळतात. इथेनॉलला गिऱ्हाईक वाढले की कारखाने उसाचा रस तिकडे जास्त सोडतात. साखर तेवढी कमी बनते आणि जगातला दर चढतो. तेल उतरले की सगळे उलट. साखर करायची की इथेनॉल, हा निर्णय तिथला कारखाना आपल्या यंत्रांच्या मर्यादेत बराचसा स्वतःच घेतो. आपल्याकडे त्यावर केंद्र सरकारचा हात असतो. डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आले आणि पुढच्या ऑगस्टमध्ये उठले, हे इथल्या सभासदांच्या लक्षात असेल. साओ पाउलोतला पाऊस आणि अरबस्तानातले तेल यांचा परिणाम माळेगावच्या साखरेच्या दरापर्यंत पोचतो तो याच साखळीतून.

विमान सरळ का जात नाही

मुंबई ते साओ पाउलो सरळ रेषेत अंतर सुमारे पावणेचौदा हजार किलोमीटर. याहून लांब उड्डाणे रोज होतात. सिंगापूर-न्यूयॉर्क १५ हजारांच्या वर आहे. म्हणजे विमानाची ताकद कमी पडत नाही. कमी पडतात ते प्रवासी.

गावातला प्रत्येक गवळी आपली किटली घेऊन पुण्याला जात नाही. तो संकलन केंद्रावर दूध घालतो, आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांचे दूध तिथे एकत्र होते, टँकर भरतो आणि मग तो टँकर शहराकडे निघतो. विमान कंपन्यांचेही तसेच. मुंबईहून साओ पाउलोला रोज जाणारी माणसे मोठे विमान भरेल इतकी नसतात. पण मुंबई, दिल्ली, चीन, आखात, पूर्व आफ्रिका इथले सगळे मिळून अदिस अबाबा, दोहा किंवा दुबईला गोळा केले, तर तिथून साओ पाउलोचे विमान भरते. एक विमान बदलावे लागते ते यासाठी. थांबा धरून प्रवास एक दिवसाच्या आसपास जातो.

तिकीट घेताना दोन पथ्ये पाळावीत. सगळा प्रवास एकाच तिकिटावर असावा, म्हणजे पहिले विमान उशिरा पोचले तर पुढची सोय कंपनीला करावी लागते. दोन वेगळी स्वस्त तिकिटे जोडली, तर ती जबाबदारी तुमच्यावर पडते. आणि अमेरिकेतून जाणारा मार्ग स्वस्त दिसला तरी टाळावा. तिथे नुसते विमान बदलायलाही भारतीय पासपोर्टवर व्हिसा लागतो.

ब्राझीलचे घड्याळ आपल्या मागे साडेआठ तास असते. माणसाच्या शरीरातले घड्याळ नैसर्गिकपणे चोवीस तासांपेक्षा किंचित लांब चालते, त्यामुळे झोप उशिरा ढकलणे सोपे आणि लवकर ओढणे अवघड. पश्चिमेकडे जाताना झोप उशिरा ढकलायची असते, म्हणून जाताना त्रास कमी होतो. परतीचा प्रवास पूर्वेकडे असल्याने तो जास्त जाणवतो. आल्यावर दोन-तीन दिवस महत्त्वाची कामे, बँकेचे व्यवहार आणि रात्रीचे गाडी चालवणे टाळावे. सकाळचे ऊन अंगावर घ्यावे, शरीराचे घड्याळ त्याने लवकर जुळते.

सातबारा आणि व्हिसा

भारतीयांना ब्राझीलसाठी व्हिसा लागतो. मुंबईत ब्राझीलचा वाणिज्य दूतावास आहे. व्हिसा देणाऱ्याला मुळात दोन गोष्टी पटवायच्या असतात : खर्च झेपेल एवढा पैसा तुमच्याकडे आहे, आणि तुम्ही परत येणार आहात. नोकरदार माणूस पगारपत्रक आणि आयकर विवरण जोडून मोकळा होतो. शेतकऱ्याचे इथेच अडते. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, त्यामुळे चांगला बागायतदारसुद्धा कधी विवरण भरत नाही, आणि कागदावर त्याचे उत्पन्न दिसतच नाही.

उपाय आहे, पण त्याला वेळ लागतो. कारखान्याकडून खात्यात जमा झालेले ऊसबिल, दूध संघाचे पगारपत्रक, सहा महिन्यांचे बँक स्टेटमेंट, सातबारा आणि आठ-अ, त्यांचे इंग्रजी भाषांतर आणि सनदी लेखापालाचे पत्र. प्रवासाच्या आठवडाभर आधी उसने आणून खात्यात भरलेली मोठी रक्कम उलट संशय वाढवते. सहा महिन्यांची सरळ चाललेली उलाढाल जास्त पटते. सातबारा हे तर परत येण्याचे उत्तम कारण. जमीन सोडून कोण कशाला तिथे राहील?

नावाचा घोळ आधी निस्तरावा. सातबाऱ्यावर एक नाव, आधारवर त्याचे वेगळे स्पेलिंग, पासबुकावर तिसरेच, हे आपल्याकडे नेहमीचे. पासपोर्टवरचे नाव प्रमाण धरून तिकीट, व्हिसा आणि लसीचे प्रमाणपत्र अक्षरशः तसेच काढावे. राज्याच्या कृषी विभागाची शेतकऱ्यांच्या परदेश अभ्यासदौऱ्यांसाठी अनुदानाची योजना आहे. कोणत्या वर्षी कोणते देश आणि किती जागा, ते तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे विचारावे.

पैशाचे थोडक्यात. तिथले चलन रेआल. रुपयाचे आधी डॉलर आणि डॉलरचे रेआल, असा दोनदा बदल होतो आणि दोन्ही वेळा थोडे कटते. फोनवर पैसे देण्याची पिक्स ही पद्धत तिथे २०२० पासून आहे आणि भाजीवालाही ती वापरतो, पण तिला तिथले बँक खाते लागते. आपल्या माणसाने कार्ड आणि थोडी रोकड यांवर भागवावे.

खिचडीसाठी विजेचा कुकर नेणाऱ्यांना एक सूचना. साओ पाउलो राज्याच्या बऱ्याच भागांत घरगुती वीज १२७ व्होल्टची असते. मोबाइलचा चार्जर ती चालवून घेतो, त्याला फक्त तिथल्या आकाराची पिन लागते. कुकरच्या कॉइलला मात्र निम्म्याच्या आसपास व्होल्ट मिळाले की उष्णता निम्मी होत नाही, ती तिसऱ्या हिश्श्याच्याही खाली येते, कारण उष्णता व्होल्टच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. भात शिजणार नाही. तसे अडण्याचे कारणही नाही. भात आणि घेवड्याची उसळ हे तिथले रोजचे जेवण आहे. माळकऱ्यांनी मात्र उसळीत मांस नाही ना, ते विचारून घ्यावे. आपला साबुदाणा ज्या कसाव्याच्या कंदापासून होतो, तो मूळचा दक्षिण अमेरिकेतलाच, आणि त्याच्या पिठाची धिरडी तिथे न्याहारीला मिळतात.

लस ब्राझीलसाठी, तपासणी मुंबईत

पीतज्वराच्या लसीबद्दल सर्वांत जास्त गैरसमज आहे. भारतातून थेट येणाऱ्याकडे ब्राझील तिचे प्रमाणपत्र मागत नाही. ते मागितले जाते परत येताना, आपल्याच विमानतळावर. ते नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येते.

कारण असे. पीतज्वराचा विषाणू आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेत आहे, भारतात नाही. पण शहरांत तो पसरवणारा एडिस इजिप्ती डास आपल्याकडे घरोघरी आहे. डेंग्यू पसरवतो तोच हा. डास आहेत, माणसांत प्रतिकारशक्ती अजिबात नाही, आणि फक्त विषाणू यायचा बाकी आहे, अशी आपली स्थिती. एक आजारी माणूस आला आणि त्याला इथला डास चावला, तर साखळी सुरू होऊ शकते. लागण झाल्यावर लक्षणे साधारण तीन ते सहा दिवसांत दिसतात. सहा दिवसांचा नियम आला तो तिथून.

लस एकदाच घ्यायची, प्रमाणपत्र आयुष्यभर चालते. मात्र ते लसीनंतर दहाव्या दिवसापासून वैध होते, कारण शरीराला प्रतिकारशक्ती तयार करायला तेवढा वेळ लागतो. म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी लस घेणे म्हणजे ब्राझीलमध्ये पहिले दिवस संरक्षणाशिवाय काढणे. ती सरकारमान्य केंद्रांतच मिळते आणि ठरावीक दिवशीच देतात, त्यामुळे आधी वेळ घ्यावी लागते. ही जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूची लस आहे. साठीच्या पुढचे, अंड्याची ॲलर्जी असलेले, गरोदर स्त्रिया आणि प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे घेणारे यांनी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय ती घेऊ नये.

---

चौकट : निघण्याच्या तारखेपासून मागे

सहा महिने आधी : ऊस की गोठा ते ठरवून महिना पक्का करा. पासपोर्टची मुदत आणि नावाचे स्पेलिंग तपासा. बँक खात्यातली उलाढाल सरळ ठेवा.

चार महिने आधी : कारखाना, संशोधन संस्था किंवा प्रदर्शनाच्या आयोजकांना पत्र लिहा. भेटीचे निमंत्रण आले तर ते व्हिसाच्या अर्जाला जोडता येते. पोर्तुगीज-इंग्रजी दुभाष्या शोधा. खेड्यांत इंग्रजी चालत नाही.

तीन महिने आधी : सातबारा व इतर कागदांचे भाषांतर, लेखापालाचे पत्र, मग व्हिसाचा अर्ज.

व्हिसा मिळाल्यावर : एकाच तिकिटावरचा पूर्ण प्रवास आणि विमा.

एक महिना आधी : पीतज्वराची लस. किमान दहा दिवस आधी तर हवीच.

निघताना : गरम कपडे घ्या, ऑगस्टमध्ये तिथल्या रात्री गार असतात. लसीचे कार्ड हातातल्या पिशवीत ठेवा.

---

गोठ्यात शिरण्याआधी, बेणे उचलण्याआधी

उबेराबाला जाणाऱ्या दूधवाल्यांचे डोळे गीर पाहून विस्फारतील. १९६० च्या सुमारास भावनगरच्या महाराजांकडून गेलेला कृष्णा नावाचा वळू तिथल्या अनेक वंशावळींच्या मुळाशी आहे. आपल्या ओंगोल जातीपासून झालेल्या तिथल्या मांसाच्या सर्वांत मोठ्या जातीला, नेलोरेला, आपल्या नेल्लोरचे नाव मिळाले आहे. होल्स्टीन आणि गीर यांच्या संकरातून त्यांनी गिरोलांदो ही जात पक्की केली : पाच-अष्टमांश होल्स्टीन, तीन-अष्टमांश गीर. उष्ण हवा आणि गोचीड सोसून दूध देणारी गाय हवी होती, ती त्यांनी मिळवली. गीरच्या दुधाच्या नोंदींवरून वळू निवडण्याचा तिथला राष्ट्रीय कार्यक्रम १९८५ पासून सुरू आहे. आपल्याकडे उरुळी कांचनला बाएफ या संस्थेचे काम १९६७ पासून चालले आहे, पण गावपातळीवर प्रत्येक गाईच्या दुधाची नोंद ठेवण्याची शिस्त अजून आलेली नाही. तिथून शिकायचे ते हे. गाय विकत आणण्याचा विचार मनात असेल तर सोडून द्यावा.

आपल्या चपला मात्र जपून. ब्राझीलला मे २०२५ मध्ये जागतिक पशुआरोग्य संघटनेने लसीकरणाविना लाळ्या-खुरकूतमुक्त देश म्हणून मान्यता दिली. आपल्याकडे हा रोग आहे आणि त्याविरुद्ध लसीकरण चालते. त्याचा विषाणू बुटांना चिकटलेल्या शेणामातीतून, कपड्यांतूनही प्रवास करतो. म्हणून गोठ्यात वापरलेले बूट आणि कपडे घरीच ठेवा, नवे किंवा निर्जंतुक केलेले न्या, आणि तिथे पोचल्यावर मधले काही दिवस ऊस आणि कारखाने पाहून मगच जनावरांकडे वळा. सीमेवर विचारले तर आपण गोठा चालवतो हे लपवू नका.

परतताना हीच गोष्ट उलट्या बाजूने लागू होते. चांगली जात दिसली की दोन कांड्या पिशवीत टाकण्याचा मोह आपल्या माणसाला होतोच. उसाच्या कांडीतून काणी, गवताळ वाढ, विषाणूजन्य रोग, अळ्या, सगळे येऊ शकते, आणि डोळ्यांना त्यातले काही दिसत नाही. बाहेरचे बेणे भारतात आणायला परवाना आणि विलगीकरणातली तपासणी बंधनकारक आहे. ते काम संशोधन संस्था करतात. एखादी जात मनात भरली, तर तिचे नाव आणि कुठे पाहिली ते लिहून आणा आणि पाडेगाव किंवा मांजरीच्या शास्त्रज्ञांना सांगा. कांडी मात्र तिथल्याच शेतात राहू द्या.